विजयदुर्गचा पाडाव आणि इंग्रजांची टेहळणी

आपल्या ज्ञातीच्या मेळाव्यांतून मायनाक भंडाऱ्याचे नाव दरवर्षी घेतले जाते आणि ते घेतले जावे हे योग्यच आहे. परंतु ज्या दोन दिवसांत कोकणच्या दर्यावरील आपले शतकभराचे वर्चस्व धुराबरोबर नाहीसे झाले, त्या १२ आणि १३ फेब्रुवारी १७५६ ह्या दोन दिवसांविषयी आपण फारसे बोलत नाही. विषय निघालाच तर "पेशव्यांनी इंग्रजांकरवी आपलेच आरमार बुडविले" एवढे वाक्य उच्चारून तो मिटविला जातो. हे वाक्य खोटे नाही. पण ते अपुरे आहे आणि अपुरी सत्ये पुष्कळदा विचारास कुलूप घालतात. बाळाजी बाजीरावाने इंग्रजांस बोलाविले हे खरे, परंतु ज्या किल्ल्यासमोर इंग्रज, डच सर्वांनी हात टेकले होते, तो किल्ला एका दिवसाच्या माऱ्याने घेता येईल हे इंग्रजांस कोणी सांगितले? त्यांना काय ठाऊक होते, ते त्यांनी कसे मिळविले आणि एवढे मोठे राजाचे आरमार नेमके त्याच वर्षी मुंबईस कशाकरिता येऊन पडले होते? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास विजयदुर्गाच्या कथेचे निराळेच अंग दिसू लागते.

प्रथम मायनाकाच्याच काळाकडे वळू. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस त्याने खांदेरीच्या ओसाड बेटावर माणसे उतरविली आणि तट बांधण्यास प्रारंभ केला. मुंबई बंदराच्या तोंडाशी किल्ला उभा राहतो हे पाहून इंग्रजांनी गलबते पाठविली. कॅप्टन केग्विनसारखा कसलेला अधिकारी त्यांच्यापाशी होता, जहाजे मोठी होती, तोफाही लांब पल्ल्याच्या होत्या. तरीसुद्धा रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून, वल्ह्यांच्या बळावर मराठ्यांच्या लहान होड्या रसद घेऊन बेटावर जात राहिल्या. १८ ऑक्टोबर १६७९ च्या लढाईत इंग्रजांचे 'डव्ह' हे गलबत मराठ्यांनी पकडले आणि पुढल्या वर्षाच्या आरंभी इंग्रजांस तह करणे भाग पडले. ह्या यशात शौर्याचा वाटा होताच, परंतु खरा आधार होता तो पाण्याच्या माहितीचा. कोठे खडक आहे, भरतीस किती वाव पाणी असते, कोणत्या वाऱ्यात इंग्रजांचे शीड निरुपयोगी होते, हे आमच्या तांडेलास अंगणातील वाटेसारखे ठाऊक होते आणि केग्विनला नव्हते.

ही माहिती पुढील पाऊणशे वर्षांत हळूहळू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेली, असे माझे मत आहे.

कान्होजी आंग्र्यांच्या हयातीत इंग्रजांची अवस्था आंधळ्यासारखीच होती. गव्हर्नर चार्ल्स बून १७१५ मध्ये मुंबईस आला. त्याने शहरास तट घातला, गुराबा बांधविल्या आणि आंग्र्यांवर एकामागून एक मोहिमा काढल्या. १७१७-१८ च्या सुमारास विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांस बरोबर घेऊन अलिबागेवर, अशा चारही मोहिमा फसल्या. १७२० च्या मोहिमेत तर 'फ्रॅम' नावाची एक तरती तोफखान्याची तराफ्यासारखी नौका मुद्दाम बांधून नेली होती. तिचाही उपयोग झाला नाही. अलिबागच्या मोहिमेस कमोडोर मॅथ्यूज राजाची जहाजे घेऊन आला होता, तोही रिकाम्या हाती परतला. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजे घेऊन विजयदुर्गावर चाल केली, त्यांचीही तीच गत झाली. ह्या पराभवांचा एक परिणाम असा की, विजयदुर्ग किंवा इंग्रज ज्यास घेरिया म्हणत, त्या किल्ल्याविषयी मुंबईच्या वखारीत एक दंतकथाच तयार झाली. सुटून आलेले कैदी, पळून आलेले खलाशी, गोव्याहून येणारे पोर्तुगीज आणि किनाऱ्यावरील व्यापारी, प्रत्येकजण त्या कथेत आपली भर घाली. भीतीने सांगितलेली आणि भीतीने ऐकलेली बातमी ही बातमी राहत नाही, तिची कहाणी होते. तीस वर्षे इंग्रजांनी त्या कहाणीवर विश्वास ठेवला.

अपयशाचे कारण शोधताना त्यांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. मुंबईत रामा कामती नावाचे एक शेणवी गृहस्थ होते. कंपनीच्या एतद्देशीय शिपायांवर त्यांची सत्ता चाले. वाळकेश्वराच्या देवालयाच्या जीर्णोद्धाराशी त्यांचे नाव जोडले जाते. १७१८ च्या नाताळात सेंट टॉमसचे चर्च उघडले तेव्हा आपल्या जातबांधवांसह ते समारंभास हजर होते. खांदेरीच्या मोहिमेतही ते कंपनीच्या बाजूने होते. अशा माणसावर १७२० मध्ये कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप ठेवण्यात आला. पुरावा म्हणून एक पत्र पुढे आले. त्यांचा कारकून गोविंदजी ह्याच्या अंगठ्यांना लोखंडी पेच लावून कबुली घेण्यात आली. रामा कामतींची मालमत्ता जप्त झाली आणि १७२८ मध्ये ते कैदेतच वारले. ते पत्र बनावट होते, असे पुढील संशोधकांनी म्हटले आहे आणि तेच मत आता मान्य आहे. मोहीम आपल्या अज्ञानाने फसली असे म्हणण्यापेक्षा ती फितुरीने फसली असे म्हणणे बूनच्या कौन्सिलास सोयीचे होते. पराभव झाला की घरात फितूर शोधावा, ही सवय केवळ आपल्याच लोकांत आहे असे नाही.

ह्या जागी आपल्या ज्ञातीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण स्मरणिकांतून ती सहसा वगळली जाते. मुंबई इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर १६७० नंतरच्या वर्षांत जेराल्ड ऑंजियरने जी नगरसेना उभी केली, तीत भंडारी लोकांचा भरणा मोठा होता आणि पुढे ती 'भंडारी मिलिशिया' ह्याच नावाने ओळखली जाऊ लागली. शेरीफाच्या पुढे निशाण धरून कर्णा वाजवीत चालण्याचा मान भंडाऱ्यांकडे होता आणि त्याचा अभिमान आपल्या मुंबईकर वाडवडिलांनी बाळगला. त्याच वेळी मालवणापासून अलिबागेपर्यंतच्या आपल्या ज्ञातीचे लोक आंग्र्यांच्या चाकरीत होते. म्हणजे तटाच्या दोन्ही बाजूंस आपलीच माणसे होती. एका बाजूस पूर्वज आणि दुसऱ्या बाजूस शत्रू अशी सोपी वाटणी ह्या इतिहासात करता येत नाही. ज्याच्या गावात जो धनी, त्याचे मीठ तो खाई. मायनाकाचा वारसा सांगणाऱ्याने मुंबईच्या कर्ण्याचाही वारसा नाकारू नये.

कान्होजींच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७२९ नंतर, आंग्र्यांच्या घरात दुही माजली. सेखोजी लवकर वारले, मानाजी कुलाब्यास आणि संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे असे दोन भाग झाले. संभाजींमागून दक्षिणेचा भाग तुळाजींकडे आला. तुळाजी हे विलक्षण धाडसी पुरुष होते. सिद्दीकडून अंजनवेल आणि गोवळकोट त्यांनी घेतले. १७४९ मध्ये इंग्रजांचे 'रिस्टोरेशन' जहाज पकडून त्यांनी आपल्या आरमारात दाखल केले. १७५४ मध्ये डचांच्या तीन जहाजांशी गाठ पडली, तेव्हा दोन जाळली आणि तिसरे धरले. परंतु दर्यावर जेवढा त्यांचा दरारा, तेवढेच भूमीवर त्यांनी शत्रू करून ठेवले. पेशव्यांची आज्ञा त्यांनी मानली नाही, अमात्य आणि सावंत ह्यांच्या मुलखास उपद्रव दिला आणि कोकणातील पुष्कळ वजनदार घराणी दुखावली. पेशव्यांचे कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर ह्यांनी १९ मार्च १७५५ रोजी मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बूर्शिये ह्याच्याशी करार केला तो ह्या पार्श्वभूमीवर.

करारातील एक कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. समुद्रावरील सर्व हालचाली इंग्रजांच्या हुकमतीखाली चालाव्यात, असे पेशव्यांच्या वतीने मान्य करण्यात आले. बाणकोटचा किल्ला आणि पाच गावे इंग्रजांस द्यावयाची होती, जिंकलेल्या गलबतांची वाटणी व्हावयाची होती. ही देवघेव समजण्यासारखी आहे. पण दर्याची आज्ञा एकदा परक्याच्या हाती दिली की दर्याविषयी विचार करण्याचे कामही त्याच्याकडेच जाते.

लगेच काही दिवसांत कमोडोर विल्यम जेम्स 'प्रोटेक्टर' हे चव्वेचाळीस तोफांचे जहाज आणि तीन लहान गलबते घेऊन मुंबईहून निघाला. पेशव्यांचे आरमारही, ऑर्म ह्या इंग्रज इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे सात गुराबा आणि साठ गलबते, त्यास मिळाले. सुवर्णदुर्गापाशी पेशव्यांची गलबते दूर उभी राहून तोफा उडवीत राहिली, असे ऑर्म काहीशा तिरस्काराने लिहितो. त्या गलबतांवरील खलाशी कोकणचेच होते आणि समोरच्या तटावरचेही कोकणचेच, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही. जेम्सने मात्र एक निराळा प्रयोग केला. दुरून मारा करण्याची जुनी पद्धत सोडून त्याने पाण्याची खोली मोजीत मोजीत आपले जहाज तटाच्या अगदी जवळ नेले. तटाखाली पाणी पुरेसे होते. जवळून झालेल्या माऱ्याने आत आग लागली, दारूचा साठा उडाला आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावरील गोवा, कनकदुर्ग आणि फत्तेगड हे उपदुर्ग आणि बाणकोट, सर्व काही पडले. ह्या विजयापेक्षाही मोठी गोष्ट त्याच्या हाती लागली. आंग्र्यांचे किल्ले लांबून अजिंक्य दिसतात, परंतु त्यांचा तट थेट खोल पाण्याला भिडलेला असेल तर तीच त्यांची दुर्बल बाजू आहे, हे त्यास कळले.

पावसाळा तोंडावर आल्यामुळे मोहीम तेथेच थांबली. पावसाळ्यानंतर जे घडले, त्याचे कारण कोकणात नव्हे तर युरोपात आणि कर्नाटकात शोधावे लागते.

१७५५ च्या ऑक्टोबरात रॉबर्ट क्लाइव्ह विलायतेहून पलटणी घेऊन मुंबईस उतरला आणि नोव्हेंबरात ॲडमिरल चार्ल्स वॉटसन राजाचे आरमार घेऊन आला. 'केंट', 'कंबर्लंड', 'टायगर', 'सॅलिसबरी' ही पन्नास ते सत्तर तोफांची जहाजे ह्या आरमारात होती. हे सर्व बळ आंग्र्यांसाठी आलेले नव्हते. पेशव्यांच्या साहाय्याने दख्खनेतून बुसीची फ्रेंच फौज हुसकून लावावी, असा लंडनचा बेत होता. परंतु त्यापूर्वीच, १७५४ च्या अखेरीस, साँडर्स आणि गोदेहू ह्या दोन गव्हर्नरांत तात्पुरता तह झालेला होता आणि तो मोडण्यास मुंबईची वखार तयार नव्हती. इंग्रज आणि फ्रेंच ह्यांचे मोठे युद्ध पेटणार हे सर्वांस दिसत होते. १७५६ च्या मे महिन्यात युरोपात ते जाहीरही झाले. तोपर्यंत मात्र शस्त्रे परजलेली आणि शत्रू वर्ज्य अशी वॉटसनची विचित्र स्थिती होती. जहाजांची डागडुजी करण्याची सोय मुंबईत होती. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ पासून तेथील गोदीत काम करीत होते आणि मुंबईची पहिली कोरडी गोदीही तयार झाली होती. युद्धास निघण्यापूर्वी हात साफ करून घ्यावा अशी संधी समोर होती, पेशव्यांचा करार हाती होता आणि तुळाजींच्या खजिन्याची कीर्ती सर्वतोमुखी होती. विजयदुर्गाचा बळी ह्या रिकाम्या हिवाळ्याने घेतला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु वॉटसन हा उतावळा माणूस नव्हता. चाळीस वर्षांच्या दंतकथा त्याच्याही कानी आल्या होत्या. 'केंट'सारख्या जहाजाची बूड पाण्याखाली सुमारे वीस फूट, म्हणजे साडेतीन वावांच्या जवळपास जाते. तटाजवळ एवढे पाणी नसेल तर ते जहाज खडकावर बसेल आणि बसलेले जहाज म्हणजे तोफांपुढे बांधलेला रेडा. म्हणून त्याने पहिली गोष्ट केली ती ही की, मुंबईतील कोणाचीही हकीगत प्रमाण न मानता जेम्सलाच पुन्हा पाहणीकरिता पाठविले.

डिसेंबर १७५५ च्या अखेरच्या आठवड्यात 'प्रोटेक्टर' विजयदुर्गासमोर गेले. वाघोटणच्या खाडीच्या मुखाशी समुद्रात शिरलेल्या खडकावर तो किल्ला उभा आहे. तीन बाजूंस पाणी, एका बाजूस जमीन, एकामागे एक तीन तटांच्या रांगा. खाडीत थोडे आत गेले की गिऱ्येजवळ खडक खोदून केलेली आंग्र्यांची गोदी लागते, तिचे अवशेष अजूनही पाहावयास मिळतात. जेम्स तोफेच्या टप्प्यात येईपर्यंत पुढे गेला. शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडून त्याने खोली मोजली. मोठी जहाजे आत जाऊ शकतील, तटाच्या समोर नांगर टाकू शकतील, अशी त्याची खातरी झाली. आतल्या बाजूस आंग्र्यांची गलबते कशी उभी आहेत हे त्याने टिपून घेतले. किल्ल्याच्या दक्षिणेची उंच जमीन उखळी तोफांच्या माऱ्यास सोयीची आहे, हेही त्याने हेरले. ३१ डिसेंबरास मुंबईस परतून त्याने जो अहवाल दिला, त्याचा आशय एवढाच होता की, किल्ला लोक सांगतात तसा मुळीच नाही. एका माणसाने आठवड्याभरात दोरी आणि दुर्बीण ह्यांच्या साहाय्याने एका पिढीची भीती निकालात काढली.

विजयदुर्गाच्या पाण्यात बुडालेली एक भिंत आहे आणि तिच्यावर शत्रूची जहाजे फुटत, अशी गोष्ट आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. ती भिंत मानवी हातची की निसर्गाची ह्याबद्दल मतभेद आहेत. १७५६ च्या हल्ल्यात मात्र शत्रू खाडीच्या मुखातून आत आला, तेव्हा अशा भिंतीने फरक पडला नाही. येथे मला निराळाच प्रश्न सतावतो. जेम्स दोरी सोडून पाणी मोजीत असता तटावरून ते सर्वांस दिसत होते. तो काय करीत आहे हे दर्यावर वाढलेल्या आपल्या माणसांस समजले नसेल असे म्हणवत नाही. मग खाडीचे मुख साखळदंडांनी किंवा जुनी तारवे बुडवून बंद करावे, निदान गलबते एकमेकांपासून दूर, खाडीच्या वरच्या अंगास न्यावीत, ह्यांपैकी काहीच का झाले नाही? माझ्या समजुतीप्रमाणे, ज्या किल्ल्याने सर्वांस परत पाठविले होते तो ह्याही वेळी पाठवील, असा भरवसा तेथे होता. घेरियाच्या दंतकथेवर मुंबईइतकाच विश्वास घेरियातही बसलेला होता.

मोहीम निघण्यापूर्वी मुंबईत इंग्रज अधिकाऱ्यांची एक बैठक झाली. ही बैठक लढाईच्या बेतासाठी नव्हती, लुटीच्या वाटणीसाठी होती. वॉटसनचा हिस्सा किती, रिअर ॲडमिरल पोकॉकचा किती, कप्तानांचा किती हे बारकाईने ठरले. भूसेनेच्या प्रमुखास केवळ जहाजाच्या कप्तानाइतकाच वाटा मिळतो ह्याबद्दल क्लाइव्हच्या बाजूने तक्रार निघाली. वॉटसनने उणीव स्वतःच्या हिश्शातून भरून देऊ केली, पण पुढे क्लाइव्हने ती घेतली नाही. हा उदारपणा इंग्रज लेखक कौतुकाने वर्णितात. त्याच बैठकीत मराठ्यांस ह्या लुटीतील काहीही द्यावयाचे नाही असे ठरले होते, ह्याचे मात्र त्यांना तितकेसे कौतुक वाटलेले दिसत नाही. ज्या दोस्ताच्या विनंतीवरून मोहीम निघाली, त्याचा वाटा बंदर सोडण्यापूर्वीच पुसून टाकलेला होता आणि पुण्यास ह्याची वार्ताही नव्हती.

७ फेब्रुवारी १७५६ रोजी आरमार मुंबईहून निघाले आणि चार-पाच दिवसांत विजयदुर्गासमोर पोहोचले. जमिनीच्या बाजूने रामाजीपंतांच्या फौजेने वेढा घातलेला होता. तुळाजी किल्ला आपल्या मेहुण्याच्या स्वाधीन करून बोलणी करण्यास रामाजीपंतांच्या छावणीत गेले होते. किल्ला इंग्रजांच्या हाती न जाता परस्पर पेशव्यांकडे यावा, असा रामाजीपंतांचा डाव होता. म्हणजे इंग्रजांचा हेतू त्यांच्या ध्यानात आला होता, पण उशिरा. वॉटसननेही हा डाव ओळखला आणि बोलण्यांची वाट न पाहता १२ तारखेस दुपारी जहाजांच्या दोन समांतर रांगा करून तो खाडीत शिरला. तटाकडील बाजूस मोठी जहाजे आणि त्यांच्या आडोशास उखळी तोफांची गलबते, अशी ती रचना होती. पाणी किती हे ठाऊक असल्याखेरीज ही रचना कागदावरसुद्धा मांडता आली नसती.

मारा सुरू झाल्यावर काही तासांतच एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन' जहाजावर पडला. हे तेच जहाज, जे तुळाजींनी इंग्रजांकडून घेतले होते. आंग्र्यांची गलबते एकमेकांस बांधून उभी केलेली होती. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि पाहता पाहता सारे आरमार पेटले. चौऱ्याहत्तर तोफांचे एक मोठे जहाज, आठ गुराबा आणि साठच्या आसपास गलबते, असा आकडा इंग्रजी कागदांत येतो. बांधणीसाठी चढविलेली दोन जहाजेही गेली. रात्रभर खाडी उजळून निघाली होती. इंग्रजांकडील मेलेल्या आणि जखमी झालेल्यांची संख्या विसाच्या घरात होती. आपल्याकडील माणसांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. त्या गलबतांवरील तांडेल, सारंग, खलाशी आणि गोलंदाज ह्यांतील एकाचेही नाव आज आपल्या कोणाच्या कुळवृत्तांतात सापडत नाही.

त्याच रात्री क्लाइव्ह पायदळ घेऊन किनाऱ्यावर उतरला आणि किल्ला व रामाजीपंतांची छावणी ह्यांच्यामध्ये ठाण मांडून बसला. शत्रूची वाट अडविण्यापेक्षा दोस्ताची वाट अडविणे हा त्याचा उद्देश होता. १३ तारखेस किल्ल्याने निशाण उतरविले. मराठ्यांनी आत जाण्याचा प्रयत्न केला तेव्हा कॅप्टन फोर्ब्स तलवार उपसून आडवा आला, आणि दाराशी पहाऱ्यावर असलेल्या कॅप्टन ब्यूकॅननला रामाजीपंतांनी ऐंशी हजार रुपये देऊ केले ते त्याने नाकारले, असे ग्रँट डफ लिहितो. सुमारे दोनशे तोफा आणि रोख व माल मिळून दहा लाख रुपयांच्या आसपासची लूट ठरल्याप्रमाणे आपसांत वाटली गेली. वॉटसनच्या जहाजावरील शल्यवैद्य आइव्ज ह्याने किल्ल्यात सापडलेल्या तुळाजींच्या आईची, बायकामुलांची आणि त्यांच्या आक्रोशाची हकीगत लिहून ठेवली आहे. तुळाजी पेशव्यांच्या हाती लागले आणि त्यांचे उरलेले आयुष्य निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत गेले.

विजयदुर्ग सोडण्यास इंग्रज लगेच तयार झाले नाहीत. बाणकोटच्या बदली तोच ठेवावा असा त्यांचा प्रयत्न होता. बरीच ओढाताण होऊन १२ ऑक्टोबर १७५६ रोजी पुण्यास तह झाला, तेव्हा बाणकोट आणि दहा गावे घेऊन त्यांनी किल्ला पेशव्यांस दिला. किल्ला मिळाला, पण त्याच्या आश्रयास राहणारे आरमार मिळाले नाही.

आता पेशव्यांच्या दोषाविषयी. पेशव्यांस बातमीचे महत्त्व कळत नव्हते असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. दिल्लीच्या दरबारात काय शिजते, निजामाच्या छावणीत किती घोडे आहेत, हे त्यांच्या वकिलांस आणि जासुदांस दिवसागणिक ठाऊक असे. त्यांची बातमीपत्रे आज वाचतानाही थक्क व्हावयास होते. परंतु हे सारे जासूद घोड्यावर बसणारे होते. मुंबईच्या गोदीत कोणती जहाजे आली, त्यांची बूड किती खोल जाते, ती मुळात कोणाशी लढण्यास निघाली आहेत आणि आंग्र्यांनंतर त्यांचा रोख कोणाकडे वळेल, हे विचारणारा पुण्यास कोणी नव्हता. टोपीकरांस समुद्रकिनाऱ्यावर ठाणी देऊ नयेत, त्यांचे सारे बळ आरमारात आहे, हा इशारा रामचंद्रपंत अमात्यांनी चाळीस वर्षांपूर्वी आज्ञापत्रात लिहून ठेवला होता. तो पुण्याच्या कारभाऱ्यांनी वाचला नसेल असे नाही. अमात्यांनी ज्या दृष्टीने किनाऱ्याकडे पाहिले होते, ती दृष्टी राहिली नव्हती. तुळाजींपाशी दर्याचे ज्ञान होते पण राज्याची दृष्टी नव्हती. पेशव्यांपाशी राज्याची दृष्टी होती पण दर्याचे ज्ञान नव्हते. कान्होजींच्या ठायी ही दोन्ही एकत्र होती आणि म्हणूनच बूनच्या चार मोहिमा वाया गेल्या.

वॉटसन आणि क्लाइव्ह एप्रिल १७५६ च्या अखेरीस मुंबईहून पूर्व किनाऱ्याकडे निघाले. जूनमध्ये सिराज-उद्दौल्याने कलकत्ता घेतले. ती वार्ता मद्रासेस पोहोचली तेव्हा विजयदुर्गाहून परतलेले हे आरमार तेथे सज्ज होते. २ जानेवारी १७५७ रोजी त्यांनी कलकत्ता परत घेतले आणि २३ जूनला प्लासी झाली.

विजयदुर्गावर पुढे आनंदराव धुळप ह्यांनी पेशव्यांचे आरमार नव्याने उभे केले. एप्रिल १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडले, ह्यावरून दर्यावर्दी माणसांचा वाण संपला नव्हता हे दिसते. परंतु त्यानंतर चारच वर्षांनी, १७८७ पासून, मुंबईच्या आरमारातील जॉन मॅक्लूर नावाचा अधिकारी पश्चिम किनाऱ्याची मोजणी करू लागला. जेम्सने एका किल्ल्यासमोर जी दोरी सोडली होती ती त्याने खाडीमागून खाडीत सोडली आणि किनाऱ्याचे नकाशे तयार केले. ज्या पाण्याच्या वाटा मायनाकाच्या माणसांस तोंडपाठ होत्या, त्या इंग्रजी आकड्यांत छापून लंडनच्या दुकानांतून विकत मिळू लागल्या. आपले तांडेल मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे पूर्वीसारखेच तारे, वारा आणि बापाने सांगितलेल्या खुणा ह्यांवर तारवे हाकीत राहिले.